नर्मदेचं पाणी, ‘ओशन’ची गाणी

‘इंडियन ओशन’ पहिल्यासारखं राहिलं नाही, अशी त्याच्या जुन्या चाहत्यांची तक्रार आहे. ती कितपत खरी? नर्मदाकाठच्या एका लोकगीताच्या आधारानं घेतलेला हा शोध.

जबलपूरच्या ग्वारीघाटावर रोज संध्याकाळी नर्मदेची आरती होते. ‘नर्मदे हर’ म्हणत परिक्रमेला निघालेल्या मराठी माणसालाही हा काठ परका नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’नं तर ही नदी मराठी घराघरांत पोहोचवली. नर्मदेचं दुसरं नाव रेवा. रेवा म्हणजे उड्या घेत जाणारी. भेडाघाटचा धुवांधार एकदा पाहिला, की हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही!

याच रेवेचं स्तुतिगीत २००० साली चक्क एका रॉक बँडच्या अल्बममध्ये अवतरलं. बँड दिल्लीचा, ‘इंडियन ओशन’. अल्बम ‘कांदिसा’ आणि गाणं ‘माँ रेवा’. घाटावर टाळ-ढोलकीवर म्हणावं असं भजन इथे गिटार, तबला आणि ड्रम्सच्या लाटांवर स्वार झालं होतं. एरवी रॉकचं नाव काढताच कानांवर हात ठेवणारी वडीलधारी मंडळीही या गाण्यापाशी थबकावीत, असा त्याचा गोडवा!

हे गाणं बँडकडे आलं ते राहुल राम यांच्यामुळे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणाशी संबंधित विषयात डॉक्टरेट घेऊन परतलेला हा तरुण नर्मदा बचाव आंदोलनात सामील झाला. खोऱ्यातल्या गावांतून हिंडताना लोकांच्या तोंडची गाणी त्याच्या ओठी बसली. म्हणजे गाणं भक्तीचं, पण ते ऐकू आलं ते आंदोलनाच्या वाटेवर. जबलपूरला या गोष्टीचा वेगळा अर्थ आहे. शहरापासून जवळच असलेलं बरगी धरण १९९० साली भरलं. नर्मदेवरच्या नियोजित मोठ्या धरणांपैकी पूर्ण झालेलं हे पहिलं. मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतल्या १६२ गावांना त्याचा फटका बसला. घर-शेत गेलेले कितीतरी लोक याच शहरात रिक्षा ओढायला आणि मजुरी करायला आले. ‘माँ रेवा’मध्ये यातलं काहीही सांगितलेलं नाही. तिथे केवळ नदीचं कौतुक आहे. पण जिच्या काठावरून माणसं उठवली गेली तिचंच कौतुक गायचं, यात जे म्हणायचं ते म्हणून झालेलं असतं.

सुरुवातीच्या ‘इंडियन ओशन’चं बळ नेमकं इथे आहे. शब्द थोडे आणि वाद्यं बोलकी.

बँडची मुळं १९८४ पर्यंत जातात. गिटारवादक सुश्मित सेन आणि तबला वाजवता वाजवताच गाणारे असीम चक्रवर्ती यांची गट्टी तेव्हा जमली. १९९० साली बँड उभा राहिला. मागोमाग बेस गिटार घेऊन राहुल राम आले, तर १९९४ साली ड्रम्सवर अमित किलम. बाऊल गायकांचं गाबगुबी हे तंतुवाद्यही अमित सफाईनं वाजवतात. ‘इंडियन ओशन’ हा पहिला अल्बम १९९३ सालचा. दुसरा ‘डेझर्ट रेन’, तो स्टुडिओत झालाच नाही. नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ दिल्लीत १९९७च्या १ जानेवारीला झालेल्या कार्यक्रमाचं ते थेट ध्वनिमुद्रण. त्यात चुका झाकायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे तेच त्याचं तेज आहे.

मग आला ‘कांदिसा’. त्यात केवळ सात रचना. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवरून घेतलेलं, भाषा अरमाईक वळणाची. इथे श्रोत्याला अर्थ कळत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. ‘हिल्ले ले’ हे कवी गोरख पांडे यांचं भोजपुरी गीत, म्हणजे राजकारणाचं वावडं तेव्हाही नव्हतं. पण या सगळ्यावर छत्र सुश्मित यांच्या गिटारचं. वाद्य पाश्चात्त्य, चाल मात्र बैठकीतल्या आलापासारखी, हळूहळू उलगडत जाणारी. या रचना चौघांनी दिल्लीच्या करोलबागेतल्या एका जुन्या घरात घासूनपुसून तयार केल्या. बँड फारसा कुणाला माहीत नव्हता, म्हणून तगादाही कुणाचा नव्हता. अप्रसिद्धीचा असाही एक फायदा असतो!

२००३च्या ‘झीनी’त कबीर आला आणि शब्दांचं वजन वाढू लागलं. खरी कलाटणी मिळाली ती ‘ब्लॅक फ्रायडे’नं. १९९३च्या मुंबई बाँबस्फोटांवरचा अनुराग कश्यप यांचा हा चित्रपट कोर्टकज्ज्यांत अडकून २००७ साली पडद्यावर आला. गाणी मात्र त्याआधीच लोकांपर्यंत पोहोचली होती. पीयूष मिश्रांच्या शब्दांतलं ‘बंदे’ कॉलेजच्या पोरांच्या तोंडी झालं. बँडला नाव मिळालं आणि लोक गाणं मागू लागले, गिटारचे लांबलचक तुकडे नव्हे.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती गेले. एकाच माणसासोबत बँडचा तबला गेला आणि एक आवाजही. पुढच्याच वर्षी ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम इंटरनेटवरून फुकट, महिन्याला एक गाणं अशा हप्त्यांनी आला. अल्बमचं हे नाव म्हणजे करोलबागेतल्या त्याच घराचा पत्ता! त्यात असीम यांचा आधी मुद्रित केलेला आवाज आहे. जुना ‘ओशन’ आणि नवा ‘ओशन’ यांच्यामधला उंबरठा म्हणजे हा अल्बम.

२०१३ साली सुश्मित सेनही बाहेर पडले. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायनाला हिमांशू जोशी आधीच आले होते, आता गिटारवर निखिल राव आले. २०१४च्या ‘तांदानू’मध्ये शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट असे पाहुणे बोलावले गेले. पाहुणे एकाहून एक सरस, म्हणूनच घरच्यांचा सूर अधूनमधून मागे पडतो. पानात पक्वान्नं फार झाली की वरणभाताची आठवण येते, तसं काहीसं. पण याच अल्बममधलं ‘चीतू’ हे आदिवासींनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावाची याद जागवणारं गाणं. ‘माँ रेवा’त न उच्चारलेलं बरंच काही इथे खड्या आवाजात येतं. त्यानंतरचा अल्बम ‘तू है’ यायला २०२३ साल उजाडलं.

मग जुन्या चाहत्यांचं खरं मानायचं का? असा वाद प्रत्येक मोठ्या बँडच्या नशिबी येतो. ‘पिंक फ्लॉइड’चा १९६७चा पहिला अल्बम सिड बॅरेट यांच्या कल्पनेतून उतरला होता. ते बाहेर पडल्यावर तोच बँड १९७३ साली ‘डार्क साइड ऑफ द मून’पर्यंत पोहोचला. तिथे नंतरचं काम सरस ठरलं, असं जगानं मानलं. ‘इंडियन ओशन’बाबत एवढं सरळ सांगता येत नाही. अखंड अल्बम म्हणून पाहिलं तर ‘कांदिसा’च्या तोडीचं पुढे काही झालं नाही. सुश्मित यांच्या बोटांतली ती सावकाशी निखिल राव यांच्याकडे नाही. ते उत्तम वाजवतात, पण त्यांचा बाज वेगळा. त्यांनी सुश्मित यांची नक्कल केली नाही, हे चांगलंच झालं.

दुसरीकडे २०१५चा ‘मसान’ पाहावा. वाराणसीच्या घाटांवरची ही कथा, वरुण ग्रोव्हर यांचे शब्द आणि स्वानंद किरकिरे यांच्या आवाजातलं ‘तू किसी रेल सी’. हे संगीत बदललेल्या ‘ओशन’चंच! शब्दाला जागा देऊन आपण बाजूला उभं राहायचं, ही कला ‘डेझर्ट रेन’च्या वेळी या बँडला अवगत नव्हती. तेव्हा शब्दच थोडे होते.

नव्यानं ऐकणाऱ्यानं आधी ‘माँ रेवा’ लावावं, मग ‘चीतू’. दोन्ही गाणी मध्य प्रदेशच्या मातीतली, मध्ये चौदा वर्षांचं अंतर आणि निम्मी माणसं बदललेली. जबलपूरहून बरगीला जाणाऱ्या रस्त्यावर ती एकामागून एक ऐकायची सोय झाली तर उत्तमच. वाटेवरचा जलाशय नकाशावर राणी अवंतीबाई लोधी सागर या नावानं सापडतो. त्याच्या तळाशी काय आहे ते नकाशात दाखवलेलं नसतं.