गोव्याहून बाटली आणताय? आधी हे वाचा

मित्रासोबत बागा-कळंगुटला जायचा बेत यवतमाळात दर सुट्टीला शिजतो. तिथे दारू स्वस्त, वयाची अटही १८ वर्षे. आपल्याकडे बीअरला २१, विदेशी दारूला २५. खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे. ‘एकच तर बाटली आहे साहेब’ म्हणून सुटका होत नाही. रेल्वेने येऊन वर्ध्याला उतरलात तर आणखी पंचाईत, तो जिल्हाच दारूबंदीचा!

तिथे भाड्याची दुचाकी घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना, बघा. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते, ती भाड्याने देता येत नाही. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका, बेंबळा धरणात पोहणाऱ्यांनीसुद्धा.