आधी पेहराव, मग नेम

लीना अल-मईना यांनी २००३ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाह शहरात मुलींचा बास्केटबॉल संघ उभा केला, ‘जेद्दाह युनायटेड’. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र हिजाबला मनाई होती. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ ‘फिबा’ने ती २०१७ मध्ये उठवली. तोवर नेम किती अचूक, याआधी डोक्यावर काय आहे हेच पाहिलं जाई.

चाहत्यांचा मेंदूही अशीच घाई करतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० मध्ये आढळलं, की लष्करी अधिकारी ज्या सैनिकाची शरीरयष्टी चांगली मानत, त्याला बुद्धी आणि नेतृत्वातही वरचे गुण देत. हाच ‘प्रभावळ परिणाम’. केस, गोंदण, कपडे पाहून आपण खेळाडूचा स्वभावच ठरवून टाकतो. सौदी मुलींवर हा अन्याय दुहेरी झाला, असं मला ठामपणे वाटतं: अंग झाकलं म्हणून काहींना त्या दुबळ्या वाटल्या, खेळल्या म्हणून काहींना निर्लज्ज.