फिफ्टीन की फिफ्टी

परिपाठाची घंटा व्हायला अजून पाऊण तास आहे. दहावीची बत्तीस मुलं अंतर ठेवून बसली आहेत. वर्गातले तिन्ही पंखे बंद आहेत, रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आहेत आणि टेबलावर, खडूच्या उपड्या खोक्यावर, मुठीएवढा स्पीकर ठेवला आहे. मी शेवटच्या बाकापाशी जाऊन उभी राहते. पहिलं वाक्य वाजवायचं ते फक्त आवाज तपासायला. पहिल्या बाकावर जे ऐकू येतं तेच भिंतीकडेच्या मुलालाही येतं का, एवढंच बघायचं असतं. अकरा वाजता ही परीक्षा घेता येत नाही. आमच्या आणि पाचवीच्या वर्गामध्ये पत्र्याचं पार्टिशन आहे. पलीकडे पाढे सुरू झाले की इंग्रजीचं वाक्य त्यात बुडून जातं.

मग खरी ध्वनिफीत. बाईचा आवाज, बसस्थानकावरची घोषणा. "द बस टू पंढरपूर विल लीव्ह फ्रॉम प्लॅटफॉर्म सिक्स ॲट टू फिफ्टी, नॉट फ्रॉम प्लॅटफॉर्म फोर." मुलांच्या कागदावर दोनच चौकटी आहेत: प्लॅटफॉर्म कोणता, वेळ कोणती. आकडा लिहिला की झालं. इथे स्पेलिंगला मार्क नाहीत. स्पेलिंग मोजायला बसले तर ती लेखनाची परीक्षा होईल, आणि मला आज कान तपासायचे आहेत.

दोनदा वाजवून कागद गोळा केले. वर्गाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वेळ लिहिली होती 2:15. बऱ्याच जणांचा प्लॅटफॉर्म होता 4. यात पुस्तकातल्या कविता पाठ असलेली मुलं होती, व्याकरणात कधीच मार्क न गमावणारी एक मुलगीही होती. हेच वाक्य फळ्यावर लिहिलं असतं तर वर्गात एकाचंही चुकलं नसतं.

त्या दोन चुकांवर मी बराच वेळ थांबते, कारण त्या निष्काळजीपणाच्या चुका नाहीत. 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' यांतला फरक इंग्रज माणूस मुख्यतः आघातावरून ओळखतो. एकात पहिल्या अक्षरावर जोर, दुसऱ्यात बहुतेक वेळा 'टीन'वर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो जोर टिपायला शिकलेलाच नसतो. तो शेवटचा 'न' शोधतो, आणि भराभर बोलताना पुढच्या 'नॉट'चा 'न' 'फिफ्टी'ला चिकटून ऐकू येतो. प्लॅटफॉर्म चारचं कारण मला एका मुलानेच सांगितलं. "मॅडम, चार नंबर शेवटी ऐकला. त्याच्यापुढं काहीच आलं नाही, म्हणून तोच धरला." त्याच्यापुढं काहीच आलं नाही! आपण म्हणतो 'चार नंबरवरून नाही'. आपलं 'नाही' शेवटी येतं आणि तोवर आपण वाट बघतो. इंग्रजीतलं 'नॉट' आधीच येऊन गेलेलं असतं. पोरगं मराठी कानाने इंग्रजी ऐकत होतं, आणि मराठीच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं.

गेली काही वर्षं मी ही परीक्षा अशी घेते. त्याआधी नोकरीला लागले त्या शाळेत तोंडी परीक्षा म्हणजे एक तक्ता असायचा. लिसनिंगच्या रकान्यात लेखी परीक्षेच्या मार्कांकडे बघून आकडा भरला जायचा. हुशाराला पूर्ण, मधल्याला एक कमी. मीही ते केलं आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, हातात पोर्शन उरलेला, आणि कानाने ऐकलेलं कसं मोजायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तरीही ते चुकीचं होतं, आणि त्यात नुकसान मुलांचं झालं. ज्याला ऐकून कळत नाही त्याला 'तुला कळत नाही' हे कुणी सांगितलंच नाही. कॉलेजात पहिलं लेक्चर इंग्रजीतून सुरू झालं तेव्हाच त्याला ते समजलं.

दहावीला भाषेच्या 100 मार्कांत 80 लेखी आणि 20 अंतर्गत. मार्च 2019 च्या परीक्षेला भाषांचे ते 20 मार्क काढून पूर्ण 100 मार्कांची लेखी परीक्षा घेतली. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. राज्याचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत मार्क परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. तेव्हा सगळी चर्चा मार्क फुगतात की नाही यावर झाली. 20 मार्क घालवले म्हणजे मुलाचं ऐकणं आणि बोलणं बघायची शाळेतली एकुलती एक जागा घालवली, हे फार थोडे लोक बोलले. मला ते 20 मार्क हवे आहेत, पण खरे हवे आहेत.

खऱ्या मार्कांसाठी आधी सगळ्यांना नीट ऐकू यायला हवं. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. त्यातल्या इंग्रजी ऐकण्याच्या भागासाठी देशभरातली विमानांची उड्डाणं आणि उतरणं 35 मिनिटं थांबवली जातात. जपानने 2006 मध्ये आपल्या प्रवेश परीक्षेत श्रवण आणलं तेव्हा परीक्षार्थींना प्रत्येकी एक छोटा प्लेअर दिला. शेवटच्या बाकावरच्या मुलाला पहिल्या बाकाइतकंच स्वच्छ ऐकू यायला हवं, हा हट्ट त्यामागे आहे. एवढी साधनं आमच्याकडे नाहीत. पण पंखे बंद करता येतात, आणि पाऊण तास लवकर येता येतं.

आता ध्वनिफितीत आवाज कुणाचा असावा? सुरुवातीला मी इंटरनेटवरचे परदेशी आवाज लावत असे. मुलं गांगरून जायची. मग मीच वाचायला लागले, तर सगळे पास! माझा आवाज त्यांना पाठ आहे. कुठल्या शब्दावर मी थांबते, कुठे भुवई उंचावते, हेसुद्धा. मी समोर उभी राहून वाचते तेव्हा मुलं अर्धं माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात. म्हणून आता ओळखीतल्या इतरांकडून वाक्यं बोलून घेते: बँकेत काम करणारी मैत्रीण, केरळहून आलेली एक नर्स, पुण्यात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारा भाचा. या मुलांना पुढे जी इंग्रजी ऐकायची आहे ती अशाच माणसांच्या तोंडची असणार. आयईएलटीएसमध्ये ध्वनिफीत एकदाच वाजते, साधारण 30 मिनिटांत 40 प्रश्न. भाच्याला त्याचीच धास्ती आहे. केंब्रिजच्या शालेय पातळीवरच्या परीक्षांत ती दोनदा ऐकवतात. मी दोनदाच्या बाजूची आहे. पहिल्यांदा ऐकताना मूल घाबरलेलं असतं, दुसऱ्यांदा ऐकतं.

ऐकण्यातली आणखी एक अडचण कागद तपासताना ध्यानात आली. शब्द माहीत असतो, पण आवाजातून ओळखू येत नाही. 'आयलंड' ऐकल्यावर एका मुलीने प्रश्न कोरा सोडला. पुस्तक उघडून शब्दावर बोट ठेवलं, तर म्हणाली, "हा इसलंड होय? हा येतो की मला, बेट." शब्द डोळ्यांनी पाठ केला, आवाज अक्षरांवरून स्वतःच बसवला, आणि खरा उच्चार समोर आला तेव्हा तो परका निघाला. 'पिक इट अप' हे तीन शब्द कानावर 'पिकिटप' असे एकत्र येतात आणि मुलं शब्दकोशात नसलेला एक शब्द शोधत बसतात. आपणही 'काय म्हणतो आहेस' असं तोडून कुठे बोलतो? 'काय म्हणतोयस' म्हणतो. हे उदाहरण दिलं की वर्गाचा चेहरा उजळतो.

वाचनाची परीक्षा दिसायला सोपी, पण फसवी जास्त. लेखी पेपरात उतारे असतात, एक पुस्तकातला आणि एक अनसीन. आमची मुलं अनसीनला घाबरत नाहीत, कारण त्यांना युक्ती माहीत आहे: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचं वाक्य उतरवायचं. ही युक्ती किती चालते हे बघायला मी एकदा फळ्यावर एक वाक्य लिहिलं: "द ब्लिंट टूक हिज झॉग टू द मर्गल ऑन फ्रायडे." ब्लिंट, झॉग, मर्गल हे शब्द मीच बनवलेले, इंग्रजीत नसलेले. खाली प्रश्न: "व्हेअर डिड द ब्लिंट टेक हिज झॉग?" वर्गातले निम्मे हात वर आले. "टू द मर्गल, मॅडम!" उत्तर बरोबर होतं, पूर्ण मार्कांचं. मग विचारलं, मर्गल म्हणजे काय? वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाजार असंल." त्या मुलाला मी शाबासकी दिली, कारण त्या वर्गात अर्थाकडे वळलेला तो एकटा होता.

त्या दिवसापासून माझे प्रश्न बदलले. प्रश्न तयार झाला की तो आधी उताऱ्याशिवाय शेजारच्या गणिताच्या सरांना दाखवते. त्यांनी न वाचताच उत्तर दिलं तर तो प्रश्न बाद. मग उत्तर उताऱ्यातून जसंच्या तसं उचलता येतं का ते बघते. येत असेल तर तोही बदलते. दहा प्रश्न केले तर चार उरतात. एका उताऱ्याला दोन संध्याकाळी जातात.

गेल्या पावसाळ्यात मी उतारा घेतला तो जलसंजीवनीच्या पुडीवरच्या सूचनांचा. पुडी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी आलेली असते. पूर्ण पुडी एक लीटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा, द्रावण उकळू नका, 24 तासांत वापरा, उरलेलं 'डिस्कार्ड' करा, असा मजकूर. प्रश्न असा केला: आईने सोमवारी सकाळी 9 वाजता द्रावण बनवलं, मंगळवारी 11 वाजता अर्धा तांब्या उरला आहे, तिने काय करावं आणि का? उत्तर मराठीत लिहायला परवानगी. 'डिस्कार्ड' शब्द कुणालाच माहीत नव्हता. तरी कितीतरी जणांनी लिहिलं, 'ओतून द्यावं, 24 तास होऊन गेले.' शब्द अडला तेव्हा त्यांनी भोवतालच्या वाक्यांवरून अर्थ लावला. आणि वाचणं म्हणजे हेच. काहींनी मात्र तो शब्द वहीत स्वच्छ उतरवला: 'तिने डिस्कार्ड करावं.' त्यांना मी अर्धा मार्कही दिला नाही, पण त्यांच्या नावांपुढे खूण केली. त्यांच्याबरोबर बसायचं आहे.

मराठीत उत्तर घेतलं की काही सहकारी नाराज होतात. इंग्रजीच्या परीक्षेत मराठी कशाला? माझं म्हणणं एवढंच की वाचन तपासायचं तर वाचनच तपासावं. इंग्रजीत वाक्य रचता येत नाही म्हणून ज्याचा कागद कोरा राहतो, त्याला उतारा कळला होता की नव्हता हे मला कसं कळणार? 'असर' या शिक्षणाच्या पाहणीतही मुलाला एकेकटं बसवून आधी इंग्रजी अक्षरं, शब्द, वाक्यं वाचायला देतात आणि मग त्याच्या भाषेत अर्थ विचारतात. 14 ते 18 वर्षांच्या मुलांच्या 2023 च्या पाहणीत 57.3 टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी 73.5 टक्क्यांना अर्थ सांगता आला. दोन्ही आकडे एकत्र मांडले तर शंभरातली 42 च्या आसपास मुलं वाचून समजणारी. हा दुसरा प्रश्न विचारलाच नसता तर 57 वरच समाधान मानावं लागलं असतं.

मोठ्याने वाचून घ्यायच्या आपल्या जुन्या सवयीबद्दल माझं मत त्यामुळेच बदललं. वर्गातली एक मुलगी परिच्छेद घडाघडा वाचते. उच्चार नीट, विरामचिन्हांवर थांबते. वाचून झाल्यावर गोष्टीतला मुलगा का रडला, असं विचारलं तर ती पुन्हा पुस्तकात बघते. तिच्यामागे बसणारा मुलगा प्रत्येक ओळीत अडखळतो, 'थ्रू'ला 'थ्रोघ' म्हणतो, पोरं हसतात. पण तो मराठीत सांगतो, "त्याची चूक नव्हती मॅडम, त्यानं आजीला वाचवायला खोटं सांगितलं." पुस्तकात 'वाचवायला' हा शब्द कुठेही नाही. 'उत्तम वाचन' असा शेरा तिला वर्षानुवर्षं मिळत आला आहे, त्याला कधीच नाही. दोघांना एकाच रकान्यात बसवणं मला जमत नाही, म्हणून माझ्या वहीत दोन रकाने आहेत: उच्चार वेगळा, आकलन वेगळं.

पंढरपूरच्या बसचा कागद परत दिला त्या दिवशी चार नंबर लिहिणारा मुलगा मधल्या सुट्टीत स्पीकर मागायला आला. तो आणि त्याचे दोन मित्र वर्गात थांबले. पुढच्या परीक्षेसाठी त्यांना स्वतः एक घोषणा तयार करायची होती. मी वऱ्हांड्यात उभी राहून ऐकत होते. "द बस टू अकलूज विल नॉट लीव्ह ॲट थ्री फिफ्टी..." दुसऱ्याने थांबवलं. "अरे, 'नॉट'वर जोर दे की, नाहीतर कुणालाच कळणार नाही." "जोर दिला तर सगळ्यांनाच कळंल." थोडा वेळ वाद झाला. मग पहिल्याने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी 'नॉट' अगदी साधा म्हणत.