कोणता गुडघा, कधीपासून, कशामुळे?

आपल्याकडे गुडघ्याची भाषा घरगुती आहे. कुणाचं वंगण संपलेलं असतं, कुणाची गादी झिजलेली असते, आणि ऑपरेशन झालं की शेजारी विचारतात, "वाटी बदलली का?" खरं तर त्या ऑपरेशनात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मधे प्लास्टिकची चकती ठेवतात. वाटीला हात लावायचा की नाही, ते सर्जन ठरवतो. बोलताना एवढी ढिलाई चालून जाते. फाईलमध्ये मात्र चालत नाही, कारण तिथल्या शब्दांचे पुढे आकडे होतात.

ते आकडे करण्याचं काम मी करते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक निदानाला ठरलेला क्रमांक द्यायचा, याला मेडिकल कोडिंग म्हणतात. नातेवाइकांना वाटतं, मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. हा गैरसमज निरुपद्रवी आहे. पुढचे तसे नाहीत.

गैरसमज : हे क्रमांक विमा कंपन्यांनी काढले.
त्यांची सुरुवात मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाली. झाक बर्टिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने ती १८९३ मध्ये मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं. दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिका अजून दहावीवरच आहे, तीही स्वतःची भर घालून, १ ऑक्टोबर २०१५ पासून. विम्याने हे आकडे वापरायला घेतले, एवढंच.

गैरसमज : गुडघेदुखी हे निदान आहे.
दुखणं हे लक्षण. उजवा गुडघा दुखतो, याला अमेरिकी यादीत एम२५.५६१ आणि डाव्याला एम२५.५६२. त्याच उजव्या गुडघ्याची वयानुसार झीज झाल्याचं डॉक्टरांनी लिहिलं, की क्रमांक एम१७.११ होतो आणि दुखण्याचा वेगळा क्रमांक लावत नाहीत; झीज म्हटली की दुखणं आलंच. गंमत अशी की दोन्ही गुडघे झिजले तर एकच क्रमांक, एम१७.०, पण दोन्ही नुसतेच दुखत असले तर दोन क्रमांक लावावे लागतात, कारण दुखण्याच्या यादीत ‘दोन्ही’ असा पर्यायच नाही. नव्या कोडरची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते.

याची उलट बाजूही आहे. कारण सापडलेलं नसेल तर ‘गुडघेदुखी’ लिहिण्यात कमीपणा नाही. ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘गादी फाटली असावी’ असं लिहिलं, तर अमेरिकी नियमाप्रमाणे मला फाटलेल्या गादीचा क्रमांक देता येत नाही. ‘असावी’ या शब्दाला ओपीडीत क्रमांक नाही.

गैरसमज : कोडर औषधांवरून, रिपोर्टवरून निदान ओळखून घेतो.
ओळखता येतं कधीकधी, पण लिहिता येत नाही. निदान डॉक्टरांच्या शब्दांत हवं. शंका आली तर आम्ही डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवतो, आणि तो प्रश्नही असा असावा लागतो की त्यातून उत्तर सुचवलं जाणार नाही.

गैरसमज : जुनी दुखापत आणि ताजी दुखापत, कागदावर सारखीच.
गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, काल कबड्डी खेळताना फाटली असेल तर ती एस८३ या दुखापतींच्या गटात जाते. पाच वर्षांपूर्वी फाटून तशीच राहिली असेल तर एम२३ मध्ये, सांध्याच्या आजारांत. एमआरआयमधली चीर तीच असेल, पण प्रकरण वेगळं. डॉक्टरांनी ‘कधीपासून’ लिहिलं नाही, तर कोडर अडकतो.

दुखापतीच्या क्रमांकाच्या शेवटी अमेरिकेत एक अक्षर येतं. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असं अनुभवी लोकही सांगतात. ते चूक आहे. ‘ए’ म्हणजे मूळ उपचार चालू आहेत. लिगामेंट तुटल्यावर तीन महिन्यांनी दुसऱ्याच सर्जनने ऑपरेशन केलं, तरी अक्षर ‘ए’च. पुढे फिजिओथेरपी सुरू झाली की ‘डी’. भेटी मोजायच्या नसतात, उपचार कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचं असतं.

गैरसमज : क्रमांकावरून झीज किती, ते कळतं.
कळत नाही. एक्स-रेवरून झिजेची ० ते ४ अशी श्रेणी लावायची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत १९५७ पासून आहे, पण क्रमांकात तिला जागा नाही. श्रेणी, चालता किती येतं, जिना चढता येतो का, आधी कोणते उपचार केले, हे सगळं वाक्यांतच लिहावं लागतं. बदललेल्या गुडघ्यालाही झिजेचा क्रमांक चालू राहतो, असं काहींना वाटतं. उजवा बदलला की तिथली झीज संपली. डाव्याच्या ऑपरेशनच्या वेळी फक्त डाव्याचा क्रमांक, आणि उजव्यासाठी ‘कृत्रिम सांधा आहे’ असा झेड९६.६५१.

आता आपल्याकडचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ दहाव्या आवृत्तीत एका गुडघ्याची वयानुसार झालेली झीज एम१७.१ मध्ये जाते. कोणत्या, ते त्यात नाही. उजवा-डावा ही अमेरिकेची भर. त्यामुळे मूळ यादी वापरणाऱ्या रुग्णालयात बाजू कळते ती डॉक्टरांच्या ओळीतूनच.

आणि क्लेम नाकारला की लोक म्हणतात, कोड चुकला. माझ्या मते बहुतेकदा घोटाळा आकड्यात नसून केस पेपरवरच्या एका ओळीत असतो. आमच्या घरातल्या एकांचा गुडघा पायरीवरून पडून दुखावला होता. डिस्चार्ज कार्डवर घाईत उतरलं, ‘पाच वर्षांपासून गुडघेदुखी’. आपल्या आरोग्य विम्यात ठरावीक आजारांना आणि सांधेरोपणाला प्रतीक्षा काळ असतो, तो सध्या जास्तीत जास्त ३६ महिने. ठरावीक आजारांचा हा काळ अपघाताला लागू होत नाही. म्हणजे पडल्याचा उल्लेख गेला, की सवलतही गेली. ते कार्ड दुरुस्त करून घ्यायला आम्हाला चार फेऱ्या पडल्या.

खोटं काही लिहून घेऊ नका. जुनं दुखणं असेल तर ते लपवू नका. पण बिलाच्या खिडकीपाशी उभे राहाल तेव्हा रक्कम बघण्याआधी कार्ड वाचा. कोणता गुडघा, कधीपासून, कशामुळे. चुकलं असेल तर त्याच डॉक्टरांकडून, रुग्णालय सोडण्याआधी, सहीनिशी दुरुस्त करून घ्या.