शहरात बिऱ्हाड नेताना वस्ती कशी निवडावी?



शाळांच्या परीक्षा संपल्या की आपल्या गावागावांतून टेम्पो भरायला लागतात. गाद्यांच्या वळकट्या, भांड्यांची पोती, एखादी सायकल. कोणी पुण्याला निघालेलं असतं, कोणी पिंपरी-चिंचवडला. या वर्षीही आपल्या गटांतल्या काही जणी निघणार आहेत. म्हणून आज आपण बोलणार आहोत, शहरात राहायची वस्ती कशी निवडायची याबद्दल.

मराठवाड्यातून पुण्याकडे जाणाऱ्या घरांची एक ठरलेली रीत आहे. आधी घरधनी जातो. चार मित्रांच्या खोलीत राहतो, कंपनीत नाहीतर बांधकामावर काम धरतो. दोन-चार महिन्यांनी खोली बघतो आणि मग बायको-मुलांना बोलावतो. म्हणजे ज्या वस्तीत बाईचा अख्खा दिवस जाणार, ती वस्ती ती पहिल्यांदा बघते सामान उतरवताना! घरधनी येण्याजाण्यासकट बारा तास बाहेर असतो. पाण्याची वेळ, मुलांची शाळा, आजारपण, रात्रीचा संडास हे सगळं जिला निभवायचं असतं, तिला मात्र कोणी विचारलेलं नसतं. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच, की खोली ठरायच्या आधी बाईनं स्वतः जाऊन वस्ती बघावी. एसटीच्या तिकिटाचे पैसे जातील, पण नंतरचं वर्ष वाचेल.

गाववाले कुठे, काम कुठे?

आपली माणसं शहरात कुठे वसली ते बघा. नगर रस्त्यानं गेलेली वाघोली-खराडीकडे, सोलापूर रस्त्यानं गेलेली मांजरी-हडपसरकडे, नाशिक रस्त्याला लागलेली भोसरी-मोशी-चाकणकडे. ओळखीचं माणूस जिथे, तिथे आपण बिऱ्हाड टाकतो. यात चूक काही नाही. रात्री मूल तापानं फणफणलं तर रिक्षा बोलावायला गाववालाच धावतो.

पण काम दुसऱ्या टोकाला असलं तर हिशेब बिघडतो. हडपसरला राहून चाकणच्या कंपनीत जायचं म्हटलं, तर गर्दीच्या वेळी एका बाजूनं दोन तास सहज जातात. म्हणून आधी काम कुठे ते पक्कं करा. कंपनीची बस कुठल्या चौकातून जाते ते विचारा. त्या चौकाच्या आसपास गाववाले असतील तर उत्तमच. नसतील तर कामाच्या जवळ राहा आणि गाववाल्यांकडे सुट्टीच्या दिवशी जा. तुम्ही स्वतः काम करणार असाल, तर तुमचं कामही यात धरा. धुणीभांडी, पोळ्या, शिवण ही कामं चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली तरच घर सांभाळून जमतात.

भाडं नव्हे, महिन्याचा खर्च मोजा

समजा, दोन खोल्या आहेत. एक लांब, भाडं ३,५०० रुपये. दुसरी कामाजवळ, भाडं ५,००० रुपये. पहिली स्वस्त वाटते. आता मांडून बघा. लांबच्या खोलीवरून घरधन्याला जायला-यायला रोज ६० रुपये, २६ दिवसांचे झाले १,५६०. बोअरचं पाणी खारं, म्हणून पिण्याच्या पाण्याचा जार रोज २० रुपये, महिन्याचे ६००. शाळा लांब, म्हणून मुलाच्या रिक्षाचे ८००. बेरीज झाली ६,४६०. जवळच्या खोलीत हे तीनही खर्च नसतील, तर तीच खोली १,४६० रुपयांनी स्वस्त पडते. गटाच्या वहीत आपण जसा जमाखर्च लिहितो, तसाच प्रत्येक खोलीचा कागदावर मांडा.

लाइटबिलही विचारा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक खोलीला घरमालकाचा वेगळा सबमीटर असतो आणि युनिटचा दर तो स्वतः लावतो. तो दर आधीच विचारून घ्या.

पाणी: येतं कसं आणि शिरतं कुठे

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावं आली. गाव महापालिकेत आलं म्हणून नळ लगेच येत नाही. अशा बऱ्याच भागांत आजही टँकरवर भागवावं लागतं. म्हणून घरमालकाला “पाणी आहे का?” असं विचारू नका. तो “आहे” म्हणणारच. असं विचारा: पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? किती वाजता येतं, किती वेळ असतं? टाकी किती खोल्यांत मिळून आहे? उन्हाळ्यात टँकर आला तर पैसे कोण देतं? हेच प्रश्न मग शेजारच्या बाईला विचारा. दोन्ही उत्तरं जुळतात का बघा.

दुसरी गोष्ट पुराची. ओढ्याकाठी, नदीकाठी खोल्या स्वस्त मिळतात, त्याला कारण असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, घरं वाहून गेली, माणसं दगावली. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं. ओढा उन्हाळ्यात कोरडा दिसतो, पण तो ओढाच असतो. भिंतींवर ओलीच्या रेषा आहेत का बघा. “पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं?” हे दुकानदाराला विचारा.

पुढे कधी गुंठा-अर्धा गुंठा जागा घ्यायचा विचार असेल तर “निळी पूररेषा” हा शब्द लक्षात ठेवा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, ती ही रेषा. तिच्या आत घर बांधायला परवानगी नसते. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या या रेषेतली ३६ बांधलेली घरं महापालिकेनं पाडली. लोकांनी आयुष्याची कमाई त्यात घातली होती.

मुलीची शाळा

आमच्या अनुभवात, बिऱ्हाड हललं की सगळ्यात आधी नुकसान होतं ते मोठ्या मुलीचं. शाळा लांब, रस्ता अनोळखी, धाकटं मूल सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती घरी बसते. “या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू” असं म्हणतात आणि पुढचं वर्ष येतच नाही. म्हणून मुलगी एकटी चालत जाऊ शकेल अशी शाळा आहे का, हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारा. मोठा हमरस्ता ओलांडावा लागतो का, ते स्वतः चालून बघा. महापालिकेच्या शाळेत आपल्या मुलीची इयत्ता आणि माध्यम आहे का, तेही विचारा. काही शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला या कारणावरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. तरी गावच्या शाळेतून दाखला घेऊनच निघा, म्हणजे हेलपाटे वाचतील. लहान मूल असेल किंवा दिवस गेले असतील, तर जवळची अंगणवाडी आणि महापालिकेचा दवाखाना बघून ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. बाळाच्या पुढच्या लसी तिथल्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

वस्ती दोनदा बघा

एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठच्या पुढे. दिवसा सगळ्या वस्त्या सारख्याच दिसतात. रात्री बसथांब्यापासून खोलीपर्यंत चालत या. दिवे आहेत का? वाटेत दारूचं दुकान लागतं का? संडास खोलीत आहे की सामाईक? सामाईक असेल तर किती घरांत एक, आत दिवा आणि आतून कडी आहे का? हे विचारायला लाजू नका. रात्री संडासला जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. त्याचं दुखणं शेवटी बाईच्याच अंगावर निघतं.

एजंटाचं ऐका, पण भरवसा ठेवा पाण्याला उभ्या असलेल्या बायांवर. दहा मिनिटं त्यांच्याशी बोललात की घरमालक कसा, भांडणं किती, उधारी कुठे मिळते, सगळं कळतं.

करार आणि कागद

भाड्याचा करार साधारण अकरा महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट किती दिलं, ते करारात लिहून घ्या. तोंडी व्यवहारात ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. आणखी एक फायदा: खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना भाडेकरूला नोंदणीकृत कराराची प्रत द्यावी लागते.

रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य शहरात मिळतं. आपला बारा अंकी नंबर सांगायचा आणि मशीनवर अंगठा द्यायचा. सासू-सासरे गावी असतील तर त्यांच्या वाट्याचं धान्य ते गावात उचलू शकतात. मात्र कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडलेलं आहे का, ते निघायच्या आधी दुकानात तपासा.

गटातून निघताना

गटातल्या सदस्येनं न सांगता निघून जाऊ नये. बैठकीत सांगा, आपलं कर्ज आणि बचत यांचा हिशेब करा, ठरावाच्या वहीत नोंद घ्या. बाकी गटानंही तिचे पैसे अडवून ठेवू नयेत. शहरातही बचत गट आहेत, महापालिकेत चौकशी केली की कळतं. जी गेली तिचा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुसरी कोणी निघाली तर वस्तीची खरी माहिती तिच्याकडूनच मिळेल.

अडचण आली तर ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिला मदतीचा नंबर आहे. दोन्ही मुलींनाही पाठ करायला लावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या ज्या घरांतलं कोणी शहरात आहे, त्यांनी पाणी, शाळा, संडास, भाडं आणि रात्रीचा रस्ता या पाच गोष्टी तिथल्या वस्तीबद्दल विचारून आणाव्यात आणि वहीच्या एका पानावर लिहाव्यात. निघणाऱ्या बाईच्या हातात ते पान द्या.