लोकलहोस्टचा दरवाजा

वेबसाइट तयार करताना प्रोग्रामर ती आधी आपल्याच लॅपटॉपवर चालवून पाहतो. त्यासाठी एक छोटा डेव्हलपमेंट सर्व्हर सुरू करतो आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' उघडतो. १२७.०.०.१ हा त्याचा पत्ता. तिकडे जाणारी माहिती मशीनबाहेर पडतच नाही, म्हणून इथे सहसा पासवर्डही नसतो.

फसगत होते ती इथे. बाहेरचा माणूस या सर्व्हरपर्यंत पोचत नाही, पण ब्राउझर आतच आहे, आणि दुसऱ्या टॅबमध्ये तो एखाद्या अनोळखी साइटचा जावास्क्रिप्ट कोड चालवत असतो. तो कोड लोकलहोस्टला विनंती पाठवू शकतो. एका साइटला दुसरीचे उत्तर ब्राउझर वाचू देत नाही खरा. पण सर्व्हरनेच सगळ्यांना मुभा दिली असेल तर तो अडवत नाही.

इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेले 'व्हीट' हे डेव्हलपमेंट सर्व्हर चालवणारे लोकप्रिय साधन नेमकी अशीच मुभा देत होते. जानेवारी २०२५ मध्ये ही त्रुटी जाहीर झाली. फाइल सेव्ह करताच पान ताजे करणाऱ्या वेबसॉकेटवर कोण जोडले जात आहे, हेही तपासले जात नव्हते.

त्याहून चलाख युक्ती म्हणजे डीएनएस रिबाइंडिंग. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. हल्लेखोराच्या डोमेनचे पान उघडते तेव्हा त्या नावामागे त्याचा स्वतःचा सर्व्हर असतो. थोड्या वेळाने तो त्याच नावाचा पत्ता बदलून १२७.०.०.१ करतो. ब्राउझरच्या लेखी साइट तीच, कारण नाव तेच; त्यामुळे लोकलहोस्टची उत्तरे त्या पानाला बिनदिक्कत वाचता येतात. प्रसिद्ध न झालेला सोर्स कोड असा परक्या हाती जातो. याचा दोष मी प्रोग्रामरला देणार नाही. साधन जसे हातात येते तसेच ते सुरक्षित असले पाहिजे.

व्हीटने ६.०.९ या आवृत्तीत दुरुस्ती केली, जुन्या शाखांच्या ५.४.१२ आणि ४.५.६ मध्येही. विनंती कोणत्या नावाने आली हे सर्व्हर आता तपासतो. क्रोमनेही २०२५ मध्ये पाऊल उचलले: बाहेरची साइट लोकलहोस्टकडे वळली तर तो वापरकर्त्याची परवानगी मागतो.

पण व्हीटच्या या नावतपासणीमुळे डॉकर किंवा टनेलमधून सर्व्हर वेगळ्या नावाने उघडताना कधी काम अडते. मग घाईत व्हीटमधील 'अलाउडहोस्ट्स' हे सेटिंग 'ट्रू' करून टाकले जाते. त्या एका शब्दाने रिबाइंडिंगची वाट पुन्हा मोकळी होते. तिथे फक्त आपल्या डोमेनचे नाव लिहिले तरी काम भागते.