दोन टॅबलेट आणि मागे पांढरी चादर

प्रतिस्पर्धी टॅबलेटची तुलना करणारे घरगुती विडंबन-व्हिडिओ २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत भरभराटीला आले. त्यांची मांडणी अगदी साधी. मागे पांढरी चादर किंवा कोरी भिंत, पुढे दोन माणसे. एक जण म्हणतो ‘मी आयपॅड’, दुसरा म्हणतो ‘मी गॅलक्सी टॅब’ किंवा ‘मी प्लेबुक’. पुढची दोन-तीन मिनिटे दोघे एकमेकांची उणीदुणी काढतात. कॅमेरा घरातला, नट म्हणजे मित्र नाहीतर भावंडे आणि खर्च जवळपास नाहीच. तरीही हा निव्वळ पोरखेळ नव्हे. जाहिरात वस्तूचे गुणच सांगते आणि परीक्षण आकड्यांत अडकते. वस्तू रोज हातात घेणाऱ्याला काय खटकते, ते या व्हिडिओंनी हसत-हसत आणि नेमकेपणाने मांडले.

या मांडणीचे मूळ अ‍ॅपलच्याच एका जाहिरातमालेत आहे. ‘गेट अ मॅक’ ही माला मे २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २००९ पर्यंत तिच्या ६६ जाहिराती दाखवल्या गेल्या. जस्टिन लाँग हा तरुण नट साध्या कपड्यांत मॅक व्हायचा आणि जॉन हॉजमन सूट-टाय चढवून पीसी व्हायचा. नेपथ्य नाही, कॅमेऱ्याची हालचाल नाही, फक्त संवाद. यंत्राचा दोष माणसाच्या अंगाला चिकटवणे ही या मालेची खरी युक्ती होती. व्हायरसने पछाडलेला पीसी पडसे झाल्यासारखा शिंकायचा आणि संगणकातले ओ की ठो न कळणाऱ्या प्रेक्षकालाही मुद्दा पोचायचा.

इतकी सहज नक्कल करता येईल अशी जाहिरात क्वचितच निघाली असेल. ‘नोव्हेल’ या सॉफ्टवेअर कंपनीने २००७ मध्ये याच चौकटीत लिनक्स म्हणून एक तरुणी आणून उभी केली. पुढे टॅबलेट आले तेव्हा साचा तयारच होता, फक्त पात्रे बदलायची होती. पहिल्या आयपॅडला कॅमेरा नव्हता, तर त्याच्या पात्राला डोळ्यांवर पट्टी बांधून आणता येते. जड टॅबलेटला धापा टाकायला लावता येते. तांत्रिक तपशील अभिनयात उतरला की तो लक्षात राहतो.

मालेच्या ब्रिटिश आवृत्तीचा अनुभवही इथे उपयोगी आहे. तिथे डेव्हिड मिचेल पीसी झाला होता आणि रॉबर्ट वेब मॅक. मात्र धडपडणारा पीसीच लोकांना जवळचा वाटतो आणि मॅक आढ्यताखोर दिसतो, अशी टीका तिथे झाली. ज्याची थट्टा करायची त्याच्याकडेच प्रेक्षकाची माया वळू शकते, हे विडंबनकाराने ध्यानात ठेवावे असे आहे. चांगल्या घरगुती व्हिडिओत हरणारा टॅबलेटही प्रेमळ असतो आणि जिंकणाऱ्याला एखादा टोमणा बसतोच.

विडंबनाला कच्चा माल बाजाराने पुरवला. पहिला आयपॅड २७ जानेवारी २०१० रोजी जाहीर झाला आणि ३ एप्रिलला अमेरिकेत ४९९ डॉलरपासून विक्रीला आला. ९.७ इंचांची स्क्रीन, वापरायला सुखद. पण कॅमेरा नाही, यूएसबी नाही, बाहेरची दोन अ‍ॅप एकाच वेळी चालवायची सोय नाही आणि त्या काळी असंख्य संकेतस्थळांवर व्हिडिओ आणि खेळ चालवणारे ‘फ्लॅश’ही नाही. त्याच वर्षी सॅमसंगने सात इंचांचा गॅलक्सी टॅब आणला. २०११ च्या फेब्रुवारीत मोटोरोलाचा झूम आला, त्याची सुरुवातीची किंमत ७९९ डॉलर. एप्रिलमध्ये ब्लॅकबेरीचे प्लेबुक आले. जुलैत एचपीचा टचपॅड आला आणि १८ ऑगस्टला, म्हणजे सात आठवड्यांतच, तो बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. उरलेला माल ९९ डॉलरना निघाला आणि त्यावर झुंबड उडाली. भारतात पहिला आयपॅड अधिकृतपणे २०११ च्या जानेवारीअखेर आला आणि जेमतेम महिन्याभरात, २ मार्चला, अमेरिकेत आयपॅड २ जाहीर झाला. इथल्या ग्राहकाला ताज्या मालाच्या नावाखाली जुना माल घ्यावा लागला, ही तक्रार रास्तच होती.

सर्वांत धारदार विडंबन कंपन्यांच्या स्वतःच्या शब्दांतून निघते. स्टीव्ह जॉब्सने ऑक्टोबर २०१० मध्ये सात इंची टॅबलेटवर कडक टीका केली होती. एवढ्या लहान पडद्यासाठी सोबत पॉलिश पेपर द्यावा लागेल, म्हणजे माणसाला आपली बोटे घासून बारीक करता येतील, असा त्याचा रोख होता. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, अ‍ॅपलनेच ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला. स्टायलस कोणाला हवा, असे २००७ मध्ये विचारणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये ‘अ‍ॅपल पेन्सिल’ बाजारात आणली. ब्लॅकबेरीने प्लेबुकची जाहिरात ‘हौशी लोकांची वेळ संपली’ अशा अर्थाच्या घोषवाक्याने केली. पण ज्या कंपनीचे नाव ईमेलमुळे झाले तिच्याच टॅबलेटमध्ये सुरुवातीला स्वतंत्र ईमेल अ‍ॅप नव्हते. त्यासाठी ब्लॅकबेरीचा फोन जोडावा लागे. ही उणीव २०१२ च्या फेब्रुवारीत दूर झाली. अशा ठिकाणी विडंबनकाराला अतिशयोक्तीची गरजच पडत नाही. दोन विधाने शेजारी ठेवली की काम भागते.

मॅक-पीसी हा एकच साचा मात्र नव्हता. ‘डाउनफॉल’ या २००४ च्या जर्मन चित्रपटात ब्रुनो गान्झने रंगवलेला हिटलर पराभव कळल्यावर संतापतो. त्या प्रसंगाखाली खोटी इंग्रजी उपशीर्षके देऊन वाटेल त्या विषयावर त्याला चिडायला लावायचे, असा एक प्रकार जगभर पसरला होता. आयपॅड जाहीर होताच त्यातल्या उणिवांवर खवळलेला हिटलरही आला. इथे चित्रीकरणच लागत नाही, लागते ते फक्त वेळेचे भान. वाक्य नटाच्या हातवाऱ्यावर अचूक बसले पाहिजे. दिग्दर्शक ओलिव्हर हिर्शबीगल याला ही विडंबने आवडत असत. पण निर्मात्या ‘कॉन्स्टान्टिन फिल्म’ कंपनीने एप्रिल २०१० मध्ये त्यांतली बरीच यूट्यूबवरून उतरवायला लावली.

तिसरा साचा ‘एक्स्ट्रानॉर्मल’ या सेवेचा. संवाद टाइप केला की कार्टून पात्रे तो यांत्रिक आवाजात बोलून दाखवत. जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानातल्या तरुण विक्रेत्याने या सेवेवर आयफोन ४ आणि एचटीसी इव्हो यांच्यावर व्हिडिओ केला. विषय फोनचा असला तरी या प्रकारातला तो मानदंड मानावा लागेल. विक्रेता इव्होचे गुण एकेक करून सांगतो आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी त्याच सपाट आवाजात ‘मला पर्वा नाही’ म्हणून आयफोनच मागते. व्हिडिओ लाखोंनी पाहिला, दुकानाने कर्मचाऱ्याला काही काळ कामावरून दूर ठेवले आणि त्याचीही बातमी झाली. पुढे त्याने दुसऱ्या बाजूची टर उडवणारा जोड-व्हिडिओही काढला, हे विशेष. त्याची टीका फोनवर नव्हती. वस्तू न पाहता नावावर भाळणाऱ्या खरेदीवर होती. म्हणूनच दोन्ही फोन इतिहासजमा झाल्यावरही तो व्हिडिओ कळतो. खुद्द एक्स्ट्रानॉर्मल २०१३ मध्ये बंद पडले.

या उलट, केवळ तांत्रिक उणिवेवर उभा असलेला विनोद लवकर शिळा होतो. ‘आयपॅडवर फ्लॅश चालत नाही’ हा २०१० चा हुकमी टोमणा होता. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलसाठी फ्लॅश पुढे विकसित करणे थांबवले आणि २०२० अखेर फ्लॅशच संपले. आजच्या कॉलेजच्या मुलाला तो विनोद समजावून सांगावा लागतो.

असा व्हिडिओ तयार करताना संहितेवर सर्वाधिक वेळ जातो आणि जायलाच हवा. दोन्ही टॅबलेट काही दिवस वापरल्याशिवाय खरे टोमणे सुचत नाहीत. कागदावर पुस्तकाएवढे वाटणारे वजन पलंगावर पडून वाचताना मनगटाला कळते. उन्हात स्क्रीन आरसा होते. चार्जिंगची पिन बॅगेत नेमकी दुसऱ्याच यंत्राची सापडते. ही निरीक्षणे तक्त्यात येत नाहीत. एकेका प्रसंगात एकच मुद्दा घ्यावा आणि तो खरा असावा. मुद्दा खोटा निघाला की त्या टॅबलेटचा एखादा मालक लगेच पुरावा घेऊन हजर होतो आणि मग बाकीच्या विनोदावरचाही विश्वास उडतो.

चित्रीकरणात टॅबलेटच त्रास देतो. त्याची स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, त्यामुळे कॅमेऱ्याने चेहऱ्यावर प्रकाश जुळवला तर स्क्रीन पांढरीफटक दिसते आणि स्क्रीनवर जुळवला तर चेहरा काळवंडतो. स्क्रीनचा उजेड कमी करणे, खोलीतला वाढवणे आणि कॅमेऱ्याचे एक्स्पोजर लॉक करणे, एवढ्याने बहुतेक वेळा निभावते. काचेवर खिडकीची तिरीप दिसत असेल तर टॅबलेट किंचित पुढे कलता धरावा. एकाच नटाने दोन्ही भूमिका करायच्या असतील तर कॅमेरा तिवईवर पक्का बसवून आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे चित्रण करतात आणि संकलनात मधोमध जोडतात. आयमूव्ही किंवा विंडोज मूव्ही मेकरसारखी साधने हाताशी असल्याने २०१० मध्येही एडिटिंग घरी होत असे. आवाजाकडे मात्र हौशी मंडळी हमखास दुर्लक्ष करतात. घुमणाऱ्या खोलीत चांगला संवादही वाया जातो.

घरगुती विडंबन लोकांना भावते, हे पाहून कंपन्याही त्याच वाटेला लागल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोलाने झूमची जाहिरात ‘सुपर बोल’ सामन्यात दाखवली. तीत सगळे लोक पांढऱ्या कपड्यांत, पांढरे इअरफोन लावून एकाच साच्यात चालतात. अ‍ॅपलची रिडली स्कॉटने दिग्दर्शित केलेली १९८४ ची गाजलेली जाहिरात अ‍ॅपलवरच उलटवण्याचा तो प्रयत्न होता. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये विंडोज टॅबलेटशेजारी आयपॅड ठेवून सिरीसारख्या आवाजात त्याला आपल्या उणिवांची कबुली द्यायला लावली. या जाहिराती देखण्या आहेत, पण घरगुती व्हिडिओचा मोकळेपणा त्यांत नाही. विक्रेता दुसऱ्याला हसतो तेव्हा प्रेक्षक आपला खिसा सांभाळतो.

तुलनेचा हा सोस न्यायालयापर्यंत पोचला. सॅमसंगने अ‍ॅपलच्या डिझाइनची नक्कल केली का, या प्रश्नावर जुलै २०१२ मध्ये लंडनमध्ये न्यायमूर्ती कॉलिन बर्स यांनी सॅमसंगच्या बाजूने निकाल दिला. पण दिलेले कारण गमतीचे होते. सॅमसंगच्या टॅबलेटमध्ये अ‍ॅपलचा तो संयत साधेपणा नाही, ते तितके ‘कूल’ नाहीत, म्हणून गोंधळ व्हायचा प्रश्न नाही, असे त्यांनी नोंदवले. हा निकाल आपल्या संकेतस्थळावर छापण्याचा आदेश अ‍ॅपलला मिळाला. अ‍ॅपलने त्यात स्वतःच्या फायद्याची वाक्ये घुसवली, तेव्हा अपील न्यायालयाने तो मजकूर बदलायला लावला.

भारतात असा व्हिडिओ करणाऱ्याला कायद्याची दोन अंगे माहीत हवीत. पहिले कॉपीराइटचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. पण कलम ५२ मध्ये टीका आणि परीक्षण यांसाठी वाजवी वापराची मुभा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला याच आधारावर संरक्षण दिले. मूळ नाटकातले प्रसंग त्यांनी घेतले होते, पण उद्देश त्यावर टीका करण्याचा होता. व्यवहारात मात्र खटल्याआधी यंत्र आडवे येते. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ व्यवस्था मूळ जाहिरातीचे संगीत किंवा दृश्य आपोआप ओळखते. म्हणून मूळची धून उचलण्यापेक्षा तिच्या चालीची आठवण देणारी स्वतःची धून वाजवणे शहाणपणाचे.

दुसरे अंग बदनामीचे आणि व्यापारचिन्हाचे. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या १९९९ च्या रेकिट अँड कोलमन निकालात मांडलेले तत्त्व पुढे वारंवार वापरले गेले: व्यापाऱ्याने आपला माल जगात श्रेष्ठ म्हणावा, पण दुसऱ्याचा माल वाईट म्हणू नये. हे बंधन माल विकणाऱ्यावर आहे. टीकाकाराला अधिक मोकळीक मिळते. ग्रीनपीसने टाटा समूहाचे चिन्ह वापरून कासवांच्या रक्षणासाठी एक उपरोधिक खेळ काढला, तेव्हा २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर मनाई हुकूम द्यायला नकार दिला. ही मोकळीक पैशाने जाते. एखाद्या कंपनीने टॅबलेट फुकट दिला किंवा मानधन दिले, की घरच्या चादरीपुढे चित्रित झालेला व्हिडिओही जाहिरात ठरतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल’ने २०२१ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा संबंध असल्यास तो प्रेक्षकाला सहज दिसेल अशा जागी सांगावा लागतो. व्हिडिओखालच्या लांबलचक मजकुरात तो दडवून चालत नाही.